कारणाचा रकाना

रिक्वायरमेंटला स्वतःचा क्रमांक असावा, ती एकाच जागी असावी, ग्राहकाच्या मागणीपासून टेस्टपर्यंत ती अखंड जोडलेली असावी. एवढं झालं की रिक्वायरमेंट सांभाळण्याचं काम पूर्ण झालं, असं मी बरीच वर्षं मानत आले. माझी नोकरीच ही आहे. पुण्यात मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीमबरोबर मी काम करते आणि माझा बराचसा दिवस ‘डोअर्स’ या टूलमध्ये जातो. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. टूलची गरज मला पूर्वीइतकीच वाटते, पण त्यात सर्वांत जपून काय ठेवायचं, याचं माझं उत्तर बदललं आहे. पूर्वी मी म्हणाले असते, मागणी. आता म्हणेन, त्या मागणीमागचं कारण.

पूर्वीचं मतही अनुभवातूनच आलं होतं. ग्राहक जर्मनीतला असेल तर त्याच्याकडून ‘लास्टेनहेफ्ट’ येतं. आम्हाला काय हवं, हे त्यात लिहिलेलं असतं. पुरवठादार त्याला ‘फ्लिख्टेनहेफ्ट’ने उत्तर देतो, म्हणजे हे आम्ही कसं पुरं करू ते सांगतो. एकेका लास्टेनहेफ्टमध्ये हजारो वाक्यं असू शकतात. ही वाक्यं वर्डच्या फायलीत आणि त्यांची उत्तरं एक्सेलच्या तक्त्यात असत, त्या काळात मी काम केलं आहे. परिच्छेद वर-खाली सरकला की तक्त्यातले क्रमांक चुकायचे. ग्राहक आणि आम्ही वेगवेगळ्या आवृत्त्या समोर ठेवून तासभर बोलायचो आणि शेवटी ते लक्षात यायचं. एखादं वाक्य कुणी गाळलं, की ते गाळलं गेलंय हे कळायला मार्गच नसायचा.

डोअर्सने हा त्रास मुळातून संपवला. ऑक्सफर्डच्या एका कंपनीने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते बाजारात आणलं. पुढे ते टेलिलॉजिककडे आणि २००८मध्ये आयबीएमकडे गेलं. दिसायला ते साधंच आहे. प्रत्येक वाक्य ही स्वतंत्र नोंद, आणि प्रत्येक नोंदीला असा क्रमांक की ती पुसली तरी तो दुसऱ्या कुणाला मिळत नाही. दोन नोंदी लिंकने जोडता येतात. एक बदलली की तिला जोडलेल्या नोंदींवर ‘संशयित’ अशी खूण येते, म्हणजे ज्याची ती नोंद आहे त्याने पुन्हा पाहावं. एखाद्या दिवशीची सगळी स्थिती बेसलाइन म्हणून गोठवता येते आणि दोन बेसलाइनमधला फरक ओळीओळीने दिसतो. ज्याने एक्सेलचे तक्ते हाताने जुळवले आहेत, त्याला यातलं सुख समजावून सांगावं लागत नाही.

शिवाय हे नियमांच्याही मनासारखं होतं. मोटारींच्या फंक्शनल सेफ्टीचं आयएसओ २६२६२ हे मानक २०११मध्ये आलं, २०१८मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. सुरक्षेची प्रत्येक रिक्वायरमेंट वरून खाली आणि खालून वर शोधता आली पाहिजे, असं ते सांगतं. सॉफ्टवेअर घडवण्याची प्रक्रिया तपासणाऱ्या ऑटोमोटिव्ह स्पाइस या मॉडेलचे असेसरही येऊन तेच बघतात. त्यामुळे शंभर टक्के ट्रेसेबिलिटी हे माझं ध्येय झालं. लिंक नसलेली एकही ओळ मॉड्यूलमध्ये, म्हणजे डोअर्समधल्या नोंदींच्या संचात, उरली नाही, की काम चोख झालं असं मला मनापासून वाटे. टीममध्ये नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी हेच शिकवलं.

या विश्वासाला पहिला धक्का एका साध्या प्रश्नाने दिला. दारांच्या पॉवर विंडोचं सॉफ्टवेअर जुन्या मॉडेलवरून नव्या मॉडेलवर न्यायचं होतं. टीममधल्या एका तरुण सहकारिणीने मॉड्यूलमधल्या दोन ओळी माझ्यासमोर ठेवल्या. पहिली ओळ अशी, की काचेची फट ४ ते २०० मिलिमीटर असताना मध्ये काही अडकलं, तर त्यावर १०० न्यूटनपेक्षा जास्त जोर पडण्याआधी काच उलटी फिरली पाहिजे. दुसरी ओळ सांगत होती, की काच सलग ठरावीक वेळा वर-खाली केली की पुढे काही वेळ बटणाला प्रतिसाद देऊ नये. पहिल्या ओळीबद्दल तिला शंका नव्हती. ते आकडे संयुक्त राष्ट्रांच्या मोटारविषयक नियम क्रमांक २१मध्ये आहेत, आणि काचेत कुणाची बोटं किंवा मान अडकू नये हा त्यांचा हेतू कुणालाही कळतो. दुसऱ्या ओळीबद्दल तिने विचारलं, “हा आकडा इतकाच का? नव्या गाडीत तो बदलला तर काय होईल?”

मी टूल उघडलं. ती ओळ कुणी लिहिली, कुणी मंजूर केली, कोणत्या बेसलाइनपासून आहे, ग्राहकाच्या कोणत्या वाक्याला जोडली आहे, कोणत्या टेस्ट तिला तपासतात, हे सगळं क्षणात समोर आलं. लिंक पूर्ण होत्या, टेस्ट पास होत्या. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तिथे कुठेच नव्हतं. ग्राहकाच्या वाक्यातही नव्हतं, कारण ते वाक्य त्यांच्या आधीच्या मॉडेलच्या दस्तऐवजातून जसंच्या तसं आलेलं होतं. चौकशी करत करत आम्ही ग्राहकाकडच्या एका जुन्या इंजिनिअरपर्यंत पोचलो, तेव्हा कळलं की तो आकडा त्या वेळच्या मोटरची वायंडिंग किती तापते यावरून ठरवला होता. नव्या गाडीत मोटर वेगळी होती. आकडा नव्याने ठरवून घेतला आणि विषय संपला.

कुठे काही बिघडलं नव्हतं. तरीही मी अस्वस्थ झाले. ती ओळ माझ्या सर्व कसोट्यांना उतरलेली होती. आदर्श म्हणून मी ती कुणालाही दाखवली असती. आणि आम्हाला खरोखर जे माहीत हवं होतं, ते तिच्यात नव्हतं. तो माणूस निवृत्त झाला असता तर आम्ही काय केलं असतं? आकडा तसाच ठेवला असता. तो बरोबर आहे म्हणून ठेवला नसता. हात लावायची हिंमत झाली नसती म्हणून ठेवला असता. अशा किती ओळी आपण एका गाडीतून दुसऱ्या गाडीत वाहून नेत आहोत, हा विचार तेव्हापासून माझा पिच्छा सोडत नाही.

त्याच सुमारास मी एरियान ५च्या अपघाताचा चौकशी अहवाल पहिल्यांदा संपूर्ण वाचला. ती घटना आमच्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक असते. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून हे रॉकेट पहिल्यांदा उडालं. सुमारे ३७ सेकंदांनी त्याची स्थिती आणि गती मोजणाऱ्या दोन्ही यंत्रणा, मुख्य आणि राखीव, एकाच कारणाने बंद पडल्या. रॉकेट भलत्या कोनात वळलं, हवेच्या दाबाने तुटू लागलं आणि त्याची स्वनाशाची यंत्रणा चालू झाली. क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह त्याबरोबर गेले. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही, हे तांत्रिक कारण आम्ही प्रशिक्षणात सांगतो. कोडिंग आणि टेस्टिंगचा धडा म्हणून मीही ते सांगत असे.

झाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाने त्याच वर्षी जुलैत अहवाल दिला. त्यात मला माझ्याच कामाची गोष्ट सापडली. ती संख्या ज्या भागात मोजली जात होती, त्या भागाचा उड्डाणानंतर एरियान ५ला काही उपयोगच नव्हता. रॉकेट जमिनीवर असताना यंत्रणा अचूक जुळवून घेण्यासाठी तो भाग होता. मग तो हवेत चालू का होता? कारण पूर्वीच्या एरियान रॉकेटांसाठी तशी एक रिक्वायरमेंट होती. उलटी मोजणी अगदी शेवटच्या सेकंदांत थांबवावी लागली, तर सगळी जुळवणी पुन्हा करायला ४५ मिनिटं किंवा जास्त लागत आणि उड्डाणाची छोटी वेळ निघून जाई. म्हणून तो भाग उड्डाणानंतरही सुमारे ४० सेकंद चालू ठेवलेला होता. या सोयीचा उपयोग १९८९मध्ये एकदाच झाला. एरियान ५ची तयारीची पद्धत वेगळी होती, तिथे ही गरज उरलीच नव्हती. पण एरियान ४वर उत्तम चाललेलं सॉफ्टवेअर कशाला बदला, या विचाराने ती ओळ पुढे आली. कारण मागे राहिलं आणि मागणी पुढे गेली.

दुसरी गोष्ट त्याहून मनाला लागणारी आहे. अशी न मावण्याची शक्यता असलेल्या सात संख्या इंजिनिअरांनी आधीच शोधल्या होत्या. प्रोसेसरवरचा भार मर्यादेत ठेवायचा म्हणून त्यांपैकी चार संख्यांना संरक्षण दिलं आणि तीन तशाच सोडल्या. त्या तीन संख्या एवढ्या मोठ्या होऊच शकत नाहीत, असं गृहीत धरलं होतं. एरियान ४साठी ते खरंच होतं. एरियान ५चा आडवा वेग मात्र पाचपट जलद वाढत होता, आणि त्या रॉकेटचा उड्डाणमार्ग या यंत्रणेच्या स्पेसिफिकेशनमध्ये घालायचा नाही असं सर्वांच्या संमतीने ठरलं होतं. तीन संख्या का सोडल्या, याचा उल्लेख थेट कोडमध्ये कुठे नव्हता. ते गृहीतक कागदांच्या ढिगात होतं, आणि बाहेरून तपासायला आलेल्या कुणाला ते दिसण्याजोगं नव्हतं. मंडळाने केलेल्या शिफारशींपैकी एक मी तेव्हापासून विसरलेले नाही. समर्थनाच्या कागदपत्रांकडे कोडइतक्याच काळजीने बघा, आणि कोड व त्यामागची कारणं एकमेकांशी जुळती ठेवा, असं त्यांनी सांगितलं.

त्या सॉफ्टवेअरची ट्रेसेबिलिटी शंभर टक्के असती, तरी रॉकेट वाचलं नसतं, हे मला तिथे उमगलं. प्रत्येक ओळ मागणीला जोडलेली असती, प्रत्येक मागणीची टेस्ट पास असती, आणि तरीही ती मागणी या रॉकेटसाठी लागू आहे का, हे कुणी विचारलं नसतं. मागणी लागू राहते ती तिच्यामागचं कारण लागू असेपर्यंत. ते कारण नोंदलेलं नसेल, तर मागणी केव्हा निकामी झाली हे कळायचं कसं?

लिंक निरुपयोगी आहेत, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोचताना नष्ट झालं, ते उलट कारणाने. कुठलं एकक वापरायचं हे तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. इंटरफेसच्या स्पेसिफिकेशनमध्ये न्यूटन-सेकंद होतं, जमिनीवरचं सॉफ्टवेअर मात्र पाउंड-सेकंदांत आकडे देत राहिलं, म्हणजे जवळपास साडेचारपट फरक पडत गेला. लिहिलेलं आणि केलेलं यांची गाठ घालून पाहणारी टेस्ट हवी होती. त्या गाठी आजही मी तितक्याच कसोशीने मारते. आता मी एवढंच म्हणते, की गाठ मारली म्हणजे दोन्ही टोकं बरोबर आहेत, असं नाही. ऑटोमोटिव्ह स्पाइसच्या ३.१ आवृत्तीत ट्रेसेबिलिटी आणि सुसंगती या दोन स्वतंत्र अपेक्षा होत्या. त्या वेगळ्या का ठेवल्या होत्या, हे मला पूर्वी कळत नसे.

अजाइल पद्धतीने काम करणाऱ्यांबद्दलचं माझं मतही याच वाटेने बदललं. रिक्वायरमेंट्स जिरा या टूलमध्ये तिकिटं म्हणून ठेवणाऱ्या टीमशी मी पुष्कळ वाद घातले आहेत, आणि त्यातला एक मुद्दा मी अजून सोडलेला नाही. तिकीट हे बदलाची नोंद असतं. ते बंद झालं की संपतं. आज प्रॉडक्ट नेमकं कसं वागायला हवं, हे जाणून घ्यायचं तर गेल्या काही वर्षांची तिकिटं क्रमाने वाचून मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी करावी लागते. शेतजमिनीचं उदाहरण घ्या. आज जमीन कुणाच्या नावावर आहे हे सातबारा सांगतो, आणि नाव का बदललं हे फेरफार सांगतो: वारसाने आली, खरेदी झाली की वाटणी झाली. सातबाऱ्यावर नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो, म्हणून शंका आली की माणूस तलाठ्याकडे जाऊन मूळ कारण बघू शकतो. जिरावाल्यांकडे नुसते फेरफार होते आणि सातबारा नव्हता, असं मी म्हणत असे. माझ्याकडे सातबारा होता आणि फेरफाराचा क्रमांक नव्हता, हे मात्र मला दिसलं नव्हतं.

त्यांच्या युजर स्टोरीला मी तर ढिसाळ समजत होते. लंडनच्या कनेक्स्ट्रा या कंपनीत २००१च्या सुमारास रुळलेल्या त्या साच्यात तीन भाग असतात: कोण मागतं, काय मागतं, आणि कशासाठी मागतं. मला दुसऱ्या भागातला नेमकेपणाचा अभाव खटके. तिसऱ्या भागाचं मोल मला तेव्हा कळलं नाही. माझ्या नेमक्या, सुबक, तपासता येण्याजोग्या वाक्यांना ‘कशासाठी’ नव्हतं, आणि त्यांच्या सैल वाक्यांत ते साच्यातच होतं. दुर्दैवाने पुष्कळ टीम घाईत तोच भाग गाळतात. त्यांना मी आता सांगते, बाकी काही गाळा, पण हे गाळू नका.

मग आमच्या मॉड्यूलमध्ये ‘कारण’ असा एक रकाना सुरू केला. कल्पना नवी नाही. रिक्वायरमेंट्ससाठीचं आयएसओ २९१४८ हे मानक नोंदीसोबत ठेवायच्या माहितीत कारणाचा उल्लेख करतं, आणि नासाच्या सिस्टिम्स इंजिनिअरिंगच्या हँडबुकमध्ये क्रमांकाबरोबर कारणाचाही रकाना आहे. हे मी वाचलेलं होतं, पण शोभेचं समजून सोडून दिलं होतं. आम्ही रकाना सक्तीचा केला, तेव्हा तो भराभर भरला गेला: “ग्राहकाने सांगितले”, “आधीच्या प्रोजेक्टप्रमाणे”, “मानकानुसार”. टूलने काहीही स्वीकारलं, कारण टूलला रिकामं आणि भरलेलं एवढाच फरक कळतो. तेव्हा सक्ती काढली आणि तीन ठिकाणी मात्र आग्रह धरला. जिथे आकडा आहे, जिथे ती मागणी आम्ही स्वतः काढलेली आहे, आणि जिथे ओळ जुन्या प्रोजेक्टमधून आली आहे, तिथे कारण हवंच. आणि कारण म्हणजे तीन गोष्टी: काय गृहीत धरलं आहे, ही ओळ काढली तर कुणाला काय त्रास होईल, आणि काय बदललं की ती पुन्हा तपासायची.

सर्वांत जड गेलं ते ‘का’ विचारणं. आपल्याकडे बाहेरच्या ग्राहकाचं काम करताना एक समजूत मुरलेली असते, की त्यांनी सांगितलं ते करायचं, कारण विचारणं आपल्या अखत्यारीत येत नाही. ग्राहकही कधी कधी पूर्ण चित्र दाखवत नाही. त्याचे व्यवसायाचे मुद्दे असतात. प्रश्न विचारला तर आपल्याला विषय कळत नाही असं त्यांना वाटेल, ही भीती तर मी चांगल्या चांगल्या इंजिनिअरांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. अनुभव मात्र उलटा आला. “हा आकडा कोणत्या मोटरवरून ठरला?” असा नेमका प्रश्न गेला की पलीकडचा माणूस सावरून बसतो. अनेकदा त्यालाही उत्तर माहीत नसतं आणि तो शोधायला लागतो. काही वेळा उत्तर येतं की ही ओळ आता नकोच. ओळ काढून टाकण्याचा आनंद मला या कामात पहिल्यांदा मिळाला. पूर्वी मॉड्यूल फक्त वाढत असे.

आता रिक्वायरमेंटची सुबक वाक्यं क्षणात लिहून देणारी एआय साधनं आली आहेत. वाक्य नेमकं करायला मी त्यांची मदत घेते. कारण लिहायला घेत नाही. ती कारणही लिहून देतात आणि ते पटण्यासारखं असतं, पण तो निर्णय घेताना कुणाच्या मनात ते होतं, याची काही खात्री नसते. मागाहून रचलेलं कारण रिकाम्या रकान्यापेक्षा घातक आहे, मग ते यंत्राने रचलेलं असो की माणसाने, कारण पुढचा माणूस त्यावर विसंबून आकडा बदलेल. म्हणून आमच्याकडे एक नोंद मान्य आहे आणि ती लिहिणाऱ्याला कुणी बोल लावत नाही: “कारण शोधले, सापडले नाही.” ही नोंद वाचणाऱ्याला कळतं, की इथे पाय जपून टाकायचा आहे आणि वेळ मिळाला तर शोध इथून सुरू करायचा आहे.

या सगळ्याला वेळ लागतो. रिव्ह्यू लांबतात, बेसलाइन कधी कधी ठरल्या दिवशी निघत नाही, आणि त्याबद्दल मॅनेजरला उत्तर मला द्यावं लागतं. मी ते देते. कारण गाडीचं सॉफ्टवेअर ती विकली गेल्यावरही वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं, आणि तोपर्यंत आमच्यातला एकही जण त्या टीममध्ये नसेल. जे येतील त्यांच्या हाती मी हजारो निर्दोष वाक्यं ठेवली, तर ती त्यांना पाळावी लागतील. त्या वाक्यांसोबत कारणं ठेवली, तर त्यांना विचार करता येईल, काही पाळता येतील आणि काही मोडीत काढता येतील. असेसरला दाखवायचा शंभर टक्क्यांचा अहवाल मी आजही तयार करते. पण नव्या माणसाला मॉड्यूल उघडून दिल्यावर मी आधी हे बघते, की मला एकही फोन न करता त्याला किती ओळी बदलण्याचा धीर होतो. माझ्या कामाचं मोजमाप आता मी त्यावर करते.